दारावरचा झेंडू

१२ ऑक्टोबर २०२४, शनिवार. दसरा

सणासुदीच्या दिवशी सून गाडीत जाऊन बसली. गाडी बंद, काचा वर, आणि आत ही. घरात पुरणाचा वास, दाराला तोरण, आणि घरची बाई बाहेर गाडीत! हे आधी लिहून टाकते, बाकीचा दसरा मागून.

झालं एवढंच की मी तोरण केलं. मागच्या अंगणात यादिरानं कुंड्यांमधून झेंडू लावलाय. जूनमध्ये मी इथं आले तेव्हा बोटभर रोपं होती, आता टपोरी नारिंगी फुलं. इथं मिल्टन कीन्सला उन्हाचा पत्ता नसतो, तरी पोरीनं जगवली, हे मान्य केलं पाहिजे. काल अतुलला विचारलं, "फुलं घेऊ का रे तोरणाला?" तो कॉम्प्युटरमध्ये तोंड घालून बसला होता. म्हणाला, "घे की, बागेतलीच तर आहेत." घेतली. सगळी. एक कळी मागं ठेवली नाही, अर्धवट काम मला जमत नाही. आंब्याची पानं इथं कुठली, शेजारच्या कुंपणाची तोडली. दारभर तोरण झालं, आणि दोन्ही बाजूंना माळा सोडल्या. रस्त्यावरची गोरी म्हातारी थांबून बघून गेली.

यादिरा तनूला पोहायला घेऊन गेली होती. आली, फाटकात थांबली, दाराकडं बघितलं, तोंडावर हात ठेवला आणि उलट्या पावली गाडीत. तनू आत आली. म्हणाली, "आजी, मम्मा रडतोय." म्हटलं, "रडतेय म्हण. सात वर्षांची झालीस." पण मनात आलं, तोरण बघून रडायची ही कुठली रीत?

संध्याकाळी मंडळाच्या कार्यक्रमाला गेलो. सोनं म्हणून पोरांनी कापलेली कागदाची पानं वाटतात. वैजयंती म्हणून एक बाई आहे, नागपूरची, सगळ्यांच्या घरची खबर ठेवणारी. सोनं देता देता म्हणाली, "मावशी, अतुलला एकच का हो?" म्हटलं, "एकच. तनू." यादिरा शेजारीच उभी होती. हातातली पानं टेबलावर ठेवून हॉलच्या बाहेर निघून गेली. हिला मराठी कळतं ते नेमकं नको तेव्हा. पण मी खोटं काय सांगितलं? आहे ती एकच आहे.

१४ ऑक्टोबर, सोमवार

ही वही तनूनं दिलीय, वर घोड्याचं चित्र आहे. मी चौथीपर्यंत शिकलेली, जोडाक्षरं चुकतील, कुणी वाचणार नाही म्हणून चालतंय. हे होते तेव्हा दिवसभराची किरकिर त्यांच्यापाशी व्हायची. ते ऐकायचे नाहीत, पण समोर बसायचे. दोन वर्षं झाली जाऊन. इथं दिवसभर घरात कुणी नसतं, अतुल असला तरी कॉम्प्युटरशी बोलतो. मग वहीशी बोलते.

यादिरा रुसलेली नाही, हे त्यातलं वाईट. सकाळी चहा दिला, गोळी दिली, "आई, तुम्ही झोपलात नीट?" विचारलं. रुसली असती तर मला भांडता आलं असतं.

पोरगी मेक्सिकोची. लग्नाच्या वेळी मी फार बोलले होते, त्याची उजळणी नको. पहिल्यांदा कोरेगावला आली तेव्हा पानातली हिरवी मिरची उचलून कच्ची चावली, डोळ्यात पाणी नाही, काही नाही. आमचे हे म्हणाले, "ही आपल्यातलीच." मिरचीवर सून पास झाली. मक्याची भाकरी करते, पण थापत नाही, यंत्रात दाबते. ती एक खोट सोडली तर हात चांगला आहे.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

अतुलला धरला. "तुझी बायको गाडीत का बसली होती ते सांग, नाहीतर आज भाकरी नाही."

म्हणाला, "आई, ती फुलं तिनं नोव्हेंबरसाठी ठेवली होती."

"मग तू घे म्हणालास ते?"

"माझ्या लक्षात नव्हतं."

हा आठवी-नववीतही असाच म्हणायचा, नापास झाला की. मग कळलं ते असं. हिच्याकडं वर्षातून एकदा मेलेली माणसं घरी येतात. टेबल मांडतात, त्यावर फोटो, मेणबत्त्या, पाणी, त्यांच्या आवडीचं खाणं. आणि झेंडू. झेंडूच्या वासावर आणि रंगावर त्यांना घराची वाट सापडते. पाकळ्यांचा रस्ताच करतात, दारापासून टेबलापर्यंत.

झेंडू, मेलेल्यांना! आमच्यात दसऱ्याला दाराला, दिवाळीला दाराला, लग्नाच्या मांडवाला. मी म्हटलं, "कोण येणार आहे तुमच्याकडं एवढं?"

"तिची आजी वगैरे," म्हणाला आणि मीटिंग आहे म्हणून उठला. जेवायच्या वेळेला कसली मीटिंग?

१७ ऑक्टोबर, गुरुवार

कॅलेंडर बघितलं. हिचा तो दिवस एक तारखेला. आणि एक तारखेला लक्ष्मीपूजन.

यादिराला बसवून सांगितलं. तनू मध्ये बसली, अडेल तिथं इंग्रजी करायला. म्हटलं, "पितर आमचेही येतात. पण त्यांना भाद्रपदात वेगळा पंधरवडा दिलाय. येतात, खीर-वडे खातात, जातात. लक्ष्मीच्या पंगतीत येऊन बसत नाहीत. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मेलेल्यांचं टेबल घरात मांडायचं नाही."

वाटलं होतं, वाद घालेल. मी तयारीत होते. तिनं तनूकडं अर्थ विचारायलाही बघितलं नाही. मग म्हणाली, "ठीक आहे, आई. मी शेडमध्ये करते."

शेड म्हणजे मागं अंगणात लाकडी खोपट, गवत कापायचं यंत्र ठेवायला.

मी जिंकले. रात्री आमटी वाटीतच राहिली. मीठ जास्त पडलं असेल.

२० ऑक्टोबर, रविवार

तनू माझ्याजवळ बसून चित्र काढत होती. कवट्या, त्यावर फुलं, कवट्या हसतायत. म्हटलं, "काय गं हे अभद्र?" म्हणाली, "अभद्र नाही, नानीच्या घरी असंच असतं." नानी म्हणजे यादिराची आई, फोनवर दिसते, माझ्यासारखीच कमरेला पट्टा बांधलेली.

मग पोरगी म्हणाली, "आजी, शेडमध्ये खूप थंड आहे. बाळाला सर्दी होणार."

"कुठल्या बाळाला?"

"कुशला. माझा भाऊ. लहान मुलं आधी येतात, आणि मग मोठी माणसं. पण आता फुलं नाही ना. त्याला आपला घर कसा कळणार? तो इथे कधी आलाच नाही."

मी म्हटलं, "आपलं घर कसं कळणार, असं म्हणावं." आणि उठून भांडी घासायला घेतली. भांडी यंत्रात धुऊन झाली होती, हे मागून लक्षात आलं.

२१ ऑक्टोबर, सोमवार

लिहायचं नव्हतं, पण दुसरं काही सुचत नाही म्हणून लिहिते.

मार्चमध्ये झालं ते. सातवा महिना होता. मे महिन्याचं माझं तिकीट काढलेलं होतं, बाळंतपणाला. डिंक, अळीव सगळं आणून ठेवलं होतं. अतुलचा फोन आला, "आई, नाही राहिलं." एवढंच. "तू तिकीट पुढं ढकल." मग जूनमध्ये आले. आल्यावर कुणी त्यावर बोललं नाही, मीही नाही. बोलून काय परत येतं? घरात पाळणा नव्हता, फोटो नव्हता. अतुलनं सगळं कुठंतरी नेऊन ठेवलं असावं. मला वाटलं, बरं केलं.

मुलगा होता, त्याला नाव ठेवलंय, हे मला काल तनूकडून कळलं. आमच्यात बारशाआधी नाव नसतं. नाव नाही म्हणजे मागं काही उरत नाही. असं सगळ्या बायका मला सांगत होत्या तेव्हा.

तेव्हा म्हणजे अतुलच्या आधी. एक मुलगी झाली होती मला. बारशापर्यंतही नाही राहिली. मातीत दिली, लहानांना जाळत नाहीत. शेंगा काढायला आल्या होत्या, घरात हात कमी, मी लगेच रानात गेले. ह्यांनी कधी विषय काढला नाही, मीही नाही. अतुलला माहीत नाही. सांगायचं काय त्यात? नावसुद्धा नव्हतं.

माझ्या बॅगेच्या तळाला एक गाठोडं आहे. मेमध्ये आणायचं म्हणून बांधलेलं, जूनमध्ये सोडायचं राहिलं आणि तसंच आलं. ते आहे तिथं राहू दे.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

फुलं आणायची ठरवली. कुणासाठी म्हणून नाही. घेतली तेवढी परत करायची, एवढंच.

पहिल्यांदा एकटीच लाल वाटेनं चालत गेले. ह्या गावात पायी चालणाऱ्यांना वेगळी लाल वाट आहे, पण तिच्यावर माणूस भेटेल तर शपथ. सगळे गाडीत. दुकानात झेंडू मिळाला, प्लास्टिकचा. दुकानदार म्हणाला, "माजी, यह सूखेगा नहीं." म्हटलं, "वासही येणार नाही." त्याला काय कळलं कोण जाणे. वासाशिवाय काय उपयोग?

मग वैजयंतीला फोन केला. तिची गाडी आहे आणि तिला दुसऱ्याच्या घरात काय चाललंय ते कळल्याशिवाय चैन पडत नाही, त्यामुळं लगेच आली. वॉटफर्डला एक फुलवाली दिवाळीसाठी खरा झेंडू आणते म्हणे. गेलो. दोन खोकी मिळाली, तीही भांडून. एका गुजराती बाईचा हात आधी लागला होता, पण माझा आवाज मोठा होता.

वैजयंती म्हणाली, "मावशी, एवढा झेंडू? घर आहे की मंदिर?"

"घरच आहे. पाहुणा यायचाय."

"कोण हो? इंडियाहून?"

"नाही. इथलाच आहे."

वाटभर ती अंदाज करत राहिली. मी खोकं मांडीवर घेऊन झोपेचं सोंग घेतलं.

२६ ऑक्टोबर, शनिवार

खोकी शेडमध्ये ठेवली होती, गारव्याला. सकाळी यादिरा टेबल पुसायला तिकडं गेली आणि खोकी उघडून उभी राहिली. मी मागोमाग गेले. म्हटलं, "हे शेड आता माझ्या फुलांना लागतंय. तुझं टेबल घरात हलव."

तिला कळलं नसेल म्हणून हातवारे करून परत सांगितलं. कळलं होतं. तिनं मला मिठी मारली. मला हे गळ्यात पडणं आवडत नाही, कमरेला ताण येतो. बराच वेळ सोडलं नाही.

नंतर स्वयंपाकघरात तिनं स्वतःहून सांगितलं. अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी, तनू नव्हती तरी मला कळलं. "आई, दसऱ्याला मी दारावर फुलं पाहिली. I thought, तो आता येणार. दार उघडलं ना फुलांनी. आणि घरात काही तयार नाही. दूध नाही, पाणी नाही, मेणबत्ती नाही. आणि इथे कोणी त्याचं नाव पण घेत नाही. तो येणार आणि परत जाणार."

म्हणून गाडीत बसली होती. आणि त्याच संध्याकाळी मी वैजयंतीला "एकच" म्हटलं.

मी म्हटलं, "चार चमचे साखर टाकलीस चहात, लक्ष कुठंय?" ती हसली. टेबल मग आम्ही दोघींनी आत आणलं.

दाराचं वाळलेलं तोरणही उतरवून पाकळ्या सुट्या केल्या. देवाला वाहिलेलं असतं तर निर्माल्य झालं असतं, दाराला बांधलेलं दाराचं. हा नियम माझा आहे, कुणाला शंका असेल तर माझ्याकडं यावं.

२८ ऑक्टोबर, सोमवार. वसुबारस

तनूच्या शाळेला सुट्टी, दिवसभर कानाशी. चकलीला काटा आला. आकाशकंदील माळ्यावर आहे, अतुलला काढायला सांगितला. "उद्या काढतो."

घरात टेबल आलंय तेव्हापासून अतुल त्या खोलीत बसत नाही. जेवणाचं ताट घेऊन वर जातो. काल म्हणाला, "आई, तू तरी हिला समजवायचंस. शनिवारी मंडळाचे लोक फराळाला येणार, काय म्हणतील?"

म्हटलं, "करंजी दे हातात. तोंड भरलं की माणूस बोलत नाही."

"तसं नाही गं. ती सारखं तेच उगाळते."

"सारखं म्हणजे? मी जूनपासून इथं आहे, मला एकदाही ऐकू आलं नाही."

ताट उचलून वर गेला.

२९ ऑक्टोबर, मंगळवार. धनतेरस

कणकेचा दिवा करून दाराबाहेर दक्षिणेला तोंड करून ठेवला. यमाचा दिवा, वर्षातून आजच. यादिरानं विचारलं कशाला. म्हटलं, घरात अवेळी कुणी जाऊ नये म्हणून.

तिनं दिव्याला हातानं वाऱ्याचा आडोसा केला. मग म्हणाली, "मागच्या दिवाळीत आम्ही नाही लावला."

मला जीभ चावावीशी वाटली. अशा वेळी माणसानं गोड काहीतरी बोलावं, ते मला येत नाही. म्हटलं, "हे बघ पोरी, मी लग्न झाल्यापासून एक वर्ष चुकवलं नाही. तरी हे गेले, आणि त्याआधीही एक गेलं. दिव्यानं काही अडत नाही. आपल्या हाताला काम हवं म्हणून लावायचा."

"त्याआधी कोण?" तिनं विचारलं.

"वात सरळ कर," म्हटलं.

आकाशकंदील: "उद्या काढतो."

३१ ऑक्टोबर, गुरुवार. नरकचतुर्दशी

पहाटे सगळ्यांना उटणं लावून न्हाऊ घातलं. तनू किंचाळली, अतुल कण्हला, यादिरा मात्र हात पुढं करून बसली. म्हणाली, वास छान आहे.

टेबल मांडलं. पांढरा कपडा, वर खोक्यांची चढती पायरी, आमच्या गौरीला करतो तशी. झेंडू चहूकडं. पाण्याचा पेला, का तर वाट चालून तहान लागते. मिठाची वाटी. म्हटलं, लक्ष्मीपूजनाला मीठ आम्हीही आणतो, हे बरोबर आहे. तिच्या आजीचा फोटो, फेटा बांधल्यासारखी वेणी. तिच्याकडचा एक बनपाव असतो, वर पिठाचीच हाडं चिकटवलेली. मी डोळे मिटून तुकडा खाल्ला. बडीशेपेचा वास, मऊ. हाडं सगळ्यात चांगली लागली.

ह्यांचा फोटोही ठेवू म्हणाली. पण ह्यांचा एकच फोटो चांगला आहे आणि त्यात शेजारी मी बसलेय. जिवंत माणूस त्या टेबलावर चालत नाही, तिच्यातही नाही आणि आमच्यातही नाही. कापायला मी नको म्हटलं. तिनं माझ्या अर्ध्यावर पाव टेकवून ठेवला. ह्यांच्या शेजारी आता मी नाही, पाव आहे. फारसा फरक पडलेला दिसत नाही.

"बाबांना काय आवडायचं?" तिनं विचारलं. म्हटलं, "भांडण. आणि शेंगदाण्याची चटणी." चटणी ठेवली. तिनं त्यांच्याकडची दारू छोट्या पेल्यात ओतली. मी म्हटलं, "हे उचल. त्यांनी जन्मात थेंब घेतला नाही. दर शनिवारी सोसायटीची मीटिंग असायची, दमून यायचे आणि थेट झोपायचे." अतुल दारात उभा होता, तो फिसकन हसला. किती दिवसांनी हसला. कशाला हसला ते कळलं नाही. पेला तिथंच राहिला.

मधली सगळ्यात वरची जागा मात्र रिकामी. यादिरा तिथं काही ठेवीना. अतुलकडं एकदा बघितलं. तो निघून गेला. तनूनं मला कानात सांगितलं, "कुशचं बॉक्स डॅडानं लपवलंय. त्याच्यात त्याची टोपी आहे आणि पाय आहे."

"पाय?"

"पायाचं प्रिंट, आजी. हॉस्पिटलनी दिलेलं."

आकाशकंदिलाचं मी आज विचारलं नाही.

१ नोव्हेंबर, शुक्रवार. लक्ष्मीपूजन

सकाळी यादिरानं मला विचारलं, "आई, ज्यानी कधी काही खाल्लंच नाही, त्याला काय ठेवायचं?" तिच्याकडं दूध ठेवतात, खेळणी ठेवतात. पण तिचा हात थांबला होता.

मी खोलीत गेले आणि गाठोडं सोडलं. मधाची लहान बाटली, सहाण, आणि तीन झबली. ह्यांच्या जुन्या धोतराची शिवलेली, मऊ, धुऊन धुऊन विरलेली. नव्या पोराला आमच्यात पहिला कपडा जुन्याचा घालतात आणि पहिलं चाटण मधाचं देतात. सहाणेवर मधाचा थेंब घेतला आणि टेबलावर ठेवला. एक झबलं वरच्या रिकाम्या जागेत ठेवलं. एक त्याच्या खालच्या पायरीवर.

"हे दुसरं कोणाचं?" यादिरानं विचारलं.

"तीन शिवली होती. जास्त झाली."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं दुसरा पेला आणून पाण्यानं भरला आणि त्या झबल्याशेजारी ठेवला. ह्या पोरीला न सांगितलेलं कळतं. ही सवय चांगली नाही.

दुपारी दारापासून रांगोळी घातली. लक्ष्मीची पावलं, मूठ टेकवून आणि वर बोटं उठवून, फाटकापासून आत. शेजारून यादिरा आणि तनूनं पाकळ्यांची वाट आणली. दोन्ही एकाच उंबऱ्यातून आत आल्या. आतमध्ये एक डावीकडं चौरंगाशी, एक उजवीकडं टेबलाशी. लक्ष्मीला म्हटलं, आज घर भरलेलं आहे, सांभाळून घे.

तनू म्हणाली, "आजी, ही बाळाची पावलं?"

"लक्ष्मीची."

"मग बाळ कसा येणार?"

अतुल जिन्यात उभा होता, त्यानं ऐकलं. मी म्हटलं, "अतुल, दिवे लागायची वेळ झाली, आकाशकंदील अजून माळ्यावर आहे. आता तू चढतोस का मी चढू?" मी शिडीला हात घातला. कमरेचा पट्टा बांधून मी चढले असते, त्याला माहीत आहे. तो चढला.

बराच वेळ झाला. वर दिव्याचं बटण वाजलं, मग काहीच नाही. मी शिडी धरून उभी. यादिरा मागं येऊन उभी राहिली. मी हाक मारली, "कंदील शिवतोयस का वर?" उत्तर नाही. दुसऱ्यांदा हाक मारणार, तर यादिरानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणून गप्प राहिले. मला गप्प राहायला लावणारं ह्या घरात दुसरं कुणी नाही.

उतरला तेव्हा एका हातात आकाशकंदील होता आणि काखेत निळं खोकं. डोळे लाल. "धूळ फार आहे वर," म्हणाला. एवढी धूळ असेल तर झाडत का नाहीत?

खोकं त्यानंच उघडलं, टेबलासमोर जमिनीवर बसून. लोकरीची टोपी, लिंबाएवढी. आणि कागदावर दोन पावलं. माझ्या अंगठ्याएवढी. मी लक्ष्मीची काढली होती ती फार मोठी झाली होती.

अतुल कागद हातात धरून बसला. मग म्हणाला, "आई, मी त्याला घेतलंच नाही गं. यादिरानं घेतलं, मी नाही घेतलं. माझी हिंमत झाली नाही." यादिरा त्याच्याजवळ खाली बसली. त्यांचं ते इंग्रजीत काय बोलणं झालं, ते मला कळलं नाही आणि कळून घ्यायचंही नव्हतं. मी तनूला घेऊन बाहेर गेले.

पाकळ्यांच्या कडेनं, फाटकापासून, अंगठ्यानं पावलं काढली. तनूनं करंगळीनं बोटं टेकवली. एक ओळ झाली, तिच्या शेजारी मी तशीच दुसरीही काढली. तनूनं विचारलं, "कुशबरोबर अजून कोण आहे?"

म्हटलं, "आत्या. ती रस्ता दाखवते."

"तिचा नाव काय?"

"तिचं नाव काय, म्हणावं," म्हटलं. आणि मग सांगितलं. कुणालाच माहीत नव्हतं ते, ह्यांनासुद्धा नाही. मनात ठेवलेलं होतं. मंजिरी.

आत आलो तेव्हा अतुलनं खोक्यातली टोपी झबल्यावर ठेवली होती. खालचं झबलं बघून म्हणाला, "आई, हे कुणाचं?" तनूनंच सांगून टाकलं. ह्या पोरीच्या पोटात काही राहत नाही. अतुल माझ्याकडं बघायला लागला तशी मी लक्ष्मीची आरती सुरू केली. मोठ्यानं. तो बेसूर, यादिराला शब्द येत नाहीत, तनू टाळ्या चुकते. झाली आरती.

२ नोव्हेंबर, शनिवार. पाडवा

झेंडू अजून ताजा आहे. रात्री पाण्याचे पेले थोडे उतरलेले दिसले. यादिरा म्हणते, पिऊन गेले. मी म्हणते, हीटर चालू होता. तिलाही माहीत आहे आणि मलाही. ह्यांचा पेला मात्र पार रिकामा आहे, आणि अतुल म्हणतो त्याला काही माहीत नाही.

सकाळी अतुल टेबलाशी बसून चहा पीत होता. वर गेला नाही. यादिरानं त्याला ओवाळलं. कोरेगावला फोन करून विचार म्हणाला, ताईला मातीत दिली ती जागा अजून ओळखू येते का. म्हटलं, विहिरीच्या अंगाला, शेवग्याखाली. विचारायला कशाला लागतंय, मी काय विसरलेय? पण तू ये एकदा, दाखवते.

दुपारी मंडळाचे लोक फराळाला येतील. टेबल हलवायचं नाही, मी सांगितलंय. वैजयंती सगळ्यात आधी येईल, झेंडूचा पाहुणा कोण ते बघायला. करंजी चावत चावत टेबलासमोर उभी राहील आणि विचारेल, कारण विचारल्याशिवाय तिला गिळता येत नाही, अतुलला मुलं किती.

मी चकल्या तळत असणार, मी सांगणार नाही. यादिरानं सांगायचं नाही, तिनं पुष्कळ सोसलंय. तनूनं तोंड उघडायचं नाही. उत्तर अतुलनं द्यायचं. उभं राहून, मोठ्यानं, दोघांचीही नावं घेऊन.